सोबत आलेली व्यक्ती

१ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, जवळ आला की एचआयव्ही असलेल्या मुलांच्या बालगृहांकडे गाड्या वळतात. दप्तरं, ब्लँकेटं, लाडवांचे डबे, एखादा केक. फोटो निघतात, पाठमोरे किंवा चेहरे पुसट केलेले. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या डोळ्यांसमोरच्या चित्राबद्दल : आईबाप गेलेलं, रक्तात विषाणू असलेलं, जगात कोणी नसलेलं एकटं मूल. अशी मुलं आहेत. पण तो अपवाद आहे, आणि अपवादाकडे बघून मदतीची सगळी घडी बसवली की बाकीची मुलं तिच्याबाहेर राहतात.

माझं म्हणणं सरळ आहे. एचआयव्हीची झळ लागलेल्या घरातल्या बहुतेक मुलांना कोणीतरी सांभाळत असतं. कधी विधवा आई, कधी आजी, कधी मावशी, तर कधी जेमतेम मिसरूड फुटलेला भाऊ. मूल निराधार नसतं. त्याचा आधार असलेलं माणूस निराधार असतं. आपली कणव मुलापाशी येऊन थांबते. पैसा, कागद आणि दवाखाना हे तिघं सांभाळणाऱ्या माणसापर्यंत पोचले नाहीत, तर मुलाला दिलेलं दप्तर फार दिवस शाळेत जात नाही.

१. दोन शब्दांनी केलेला घोटाळा

पहिला शब्द 'अनाथ'. मराठीत अनाथ म्हणजे ज्याला कोणीच नाही असा. युनिसेफ आणि यूएनएड्स यांच्या मोजणीत मात्र आई किंवा वडील यांच्यापैकी एक जरी गेलं तरी मूल 'ऑर्फन' ठरतं. त्यांचे आकडे आपल्याकडे 'एड्समुळे अनाथ झालेली मुलं' असे छापले जातात आणि वाचणाऱ्याला बालगृहाची रांग दिसते. त्या आकड्यातल्या कितीतरी मुलांची आई घरी भाकरी थापत असते.

आपल्याकडे तर हे हमखास झालं. साथीच्या पहिल्या लाटेत संसर्ग बहुधा आधी नवऱ्याला झाला, त्याच्याकडून बायकोला. तो आधी आजारी पडला, तिनं त्याची सेवा केली, आणि तो आधी गेला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांतून एआरटीची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी, औषधं मोफत मिळू लागली. तोवर ज्या टिकल्या त्या बायका पुढे जगल्या. म्हणजे औषधानं मुलांच्या आया वाचवल्या. त्या आयांनी जगायचं कशावर, हा प्रश्न औषधाच्या कक्षेबाहेरचा होता आणि तो बाहेरच राहिला.

दुसरा शब्द 'बाधित'. हा अधिक फसवा. विषाणू अंगात असलेला तोही बाधित आणि ज्याच्या घरात विषाणू आला तोही बाधितच. गावात 'ते एचआयव्हीबाधित घरातलं पोरगं' म्हटलं की ऐकणारा पहिलाच अर्थ घेतो. हिशेब वेगळं सांगतो. कोणताही उपचार नसेल तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. म्हणजे औषधं नव्हती तेव्हाही निम्म्याहून अधिक बाळं विषाणूशिवाय वाढत होती. गरोदरपणापासून नीट औषध चालू असेल तर हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. दीड वर्षाचं झाल्यावर बाळाची शेवटची तपासणी होते, 'निगेटिव्ह' लिहून येतं आणि दवाखान्याच्या यादीतून त्याचं नाव निघतं. आनंदाचीच गोष्ट. पण त्याचं घर तेच राहतं : वडील गेलेले, आई औषधावर, सासरचे बोलत नाहीत. दवाखान्याच्या लेखी या मुलाचा प्रश्न संपलेला असतो, आणि दानशूरांच्या लेखी तो कधी नव्हताच, कारण त्यांना विषाणू असलेलं मूल हवं असतं.

२. रजिस्टरमध्ये नसलेली बाई

जिल्ह्याच्या एआरटी सेंटरवर सकाळी दहाच्या सुमाराला एखादी साठी ओलांडलेली बाई नातवाला घेऊन बाकावर बसलेली दिसते. पहाटेच्या एसटीनं आलेली. पिशवीत हिरवं पुस्तक, मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या, फडक्यात बांधलेली चटणी-भाकर. आधी पोराला काट्यावर उभं करतात, कारण मुलांचा डोस वजनावर ठरतो. किलो वाढले की गोळ्यांचा हिशेब बदलतो. मग उरलेल्या गोळ्या मोजतात. किती उरल्या यावरून किती चुकल्या ते कळतं आणि चुकल्या असतील तर बोलणी आजीला बसतात. काही वर्षांपूर्वी पोरांना एक पातळ औषध असायचं, कडूजहर आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. पत्र्याच्या घरात फ्रिज कुठला? माठाशेजारी ओल्या फडक्यात बाटली गुंडाळून ठेवणं हा तिचा तोडगा. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आल्यापासून तो त्रास पुष्कळ कमी झाला.

आता तिथलं रजिस्टर बघा. मुलाचं नाव, वजन, सीडी-फोर, व्हायरल लोड, पुढची तारीख. आजीचं नावही कार्डावर असतं, पण निरोप धाडण्यापुरतं. ती रुग्ण नाही, म्हणून तिची फाइल नाही. तिचा रक्तदाब कोणी बघत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर ती गोळ्यांचे रंग कशी ओळखते हे कोणी विचारत नाही. पोटचा मुलगा आणि सून या दोघांना पोचवून आलेल्या बाईला झोप लागते का, हा प्रश्न तर तिथं कोणाच्याच कामाचा नाही. ती 'सोबत आलेली व्यक्ती' असते. आणि ती आजारी पडली की त्या पोराच्या गोळ्या पहिल्यांदा चुकतात.

तिच्यावर आणखी एक काम आपण बिनबोभाट टाकलं आहे : मुलाला सांगण्याचं. शाळेत जाण्याच्या वयातल्या मुलाला त्याच्या आजाराची कल्पना त्याच्या समजुतीप्रमाणे द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्येच सांगून ठेवलं आहे. सल्ला योग्य आहे. प्रत्यक्षात घराघरांत 'ताकदीची गोळी' चालू असते. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगं विचारतं, माझीच ताकद इतकी कमी कशी, ताईला का नाही गोळी? याचं उत्तर द्यायचं तर मुलाचा बाप कशानं गेला, आई कशानं गेली, हे सगळं उलगडावं लागतं. समुपदेशक महिन्यातून एकदा भेटतो. चुलीपुढे प्रश्न येतो तेव्हा आजी एकटी असते.

मराठवाड्यात, विशेषतः बीडकडे, याला हंगामाची जोड आहे. दिवाळीनंतर आई कोयता घेऊन ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेली की पाच-सहा महिने पोरं आजीकडे. आईची स्वतःची औषधं फडावर, पोराची गावात. ज्यांची तब्येत स्थिरावली आहे त्यांना हल्ली एका वेळी काही महिन्यांचं औषध मिळतं. व्यवस्थेनं सांभाळणाऱ्याच्या आयुष्याकडे बघून नियम वाकवला, असं हे एक चांगलं उदाहरण. अशी उदाहरणं फार नाहीत.

३. पन्नास रुपये रोज

योजना आहेत, हे मान्य. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सचे रुग्ण येतात. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली आहे. बाराने भागा : महिन्याला १,७५०. दिवसाला अठ्ठावन्न रुपयांपेक्षा जास्त कमावणारी विधवा या मोजपट्टीवर निराधार ठरत नाही. खुरपायला गेलेली बाई सुगीत चार-पाच महिने कामाला गेली तरी ही मर्यादा ओलांडते. म्हणून तहसीलमधून जो उत्पन्नाचा दाखला निघतो तो कमाईचा नसतो, मर्यादेत बसवलेल्या आकड्याचा असतो. हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणारीलाही. गरजू बाईला मदतीच्या दारात पाऊल टाकतानाच खोटं बोलायला लावणारी ही मर्यादा आहे.

मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता तिला सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलं आहे. तिची रक्कम कधीकाळी ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली, आणि २०२३ पासून महिन्याला २,२५० आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये मिळू शकतात. मला यातली बालसंगोपन योजना तत्त्वतः फार मोलाची वाटते, कारण ती मुलाला घराबाहेर न काढता घरालाच पैसे देते. ही कल्पना महाराष्ट्राला फार पूर्वी सुचली आहे. तिच्यासाठी मेणबत्त्या लावाव्यात इतकी ती चांगली आहे, पण तिचं नाव १ डिसेंबरच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही.

तरीही २,२५० म्हणजे दिवसाला पंचाहत्तर. ते मुलाच्या नावे. सांभाळणारीच्या श्रमाचे किती? शून्य. तिनं सांभाळायचंच, कारण ती आजी आहे. तेच मूल संस्थेत गेलं तर तिथल्या काळजीवाहिकेला पगार असतो. नातं आहे म्हणून काम फुकट, हा हिशेब आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की तो हिशेब आहे हेही जाणवत नाही.

४. सातबाऱ्यावरची अक्षरं

आता ज्याकडे कोणतीच संस्था सहसा वळत नाही तिकडे येतो. जमीन.

नवरा गेला. तेराव्यानंतर कुजबुज, मग भांडीकुंडी वेगळी, मग 'थोडे दिवस माहेरी जाऊन ये'. ते थोडे दिवस संपत नाहीत. बाई दोन मुलांसह भावाच्या दारी, आणि सासरच्या चार एकरांचा सातबारा कोणाच्या नावे? जुन्या नोंदींत थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं असतात : एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांमागे धाकटे भाऊ दडलेले असतात. धाकटा मेला आणि त्याच्या वारसांची नोंद कोणी केलीच नाही, तर त्याची मुलं कागदावर जन्मलेलीच नसतात. नोंद झाली तर त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.' लागतं : अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे आईचं नाव. एचआयव्हीनं विस्कटलेल्या घराचं मूल शेतकरी राहणार की भूमिहीन मजूर होणार, ते पुष्कळदा या दोन अक्षरपुंजांतलं कोणतं लिहिलं गेलं यावर ठरतं.

कायदा इथं बाईच्या बाजूनं आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलगा-मुलगी आहेत, गेलेल्याची आईही आहे. सासरा मागे राहिला आणि नंतर वारला, तर आधी गेलेल्या मुलाची मुलं आणि त्याची विधवाही त्याच वर्गात येतात. आजार कोणता होता, याचा वारसाहक्काशी काडीचा संबंध नाही. पण हक्क मागायला तलाठ्याकडे गेलं की दीर गावभर आजाराचं नाव घेईल, ही धमकी पुरते. इथं कलंक भावनेपुरता राहत नाही. तो चार एकरांचा असतो. 'गैरसमज दूर करूया' असे फलक लावणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही : दिराचा गैरसमज मुळीच झालेला नसतो.

५. बारा वर्षांचा पालक

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शाळेतून, नोकरीतून काढता येणार नाही, एवढंच त्याच्याबद्दल माहीत असतं. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी कलमं वेगळी आहेत.

'संरक्षित व्यक्ती' या संज्ञेत हा कायदा एचआयव्ही असलेल्या माणसाबरोबरच त्याच्यासोबत राहणाऱ्यालाही धरतो. म्हणजे दवाखान्याच्या रजिस्टरला न दिसलेली आजी कायद्याला दिसली आहे. कलम १६ म्हणतं, अशा मुलाच्या मालमत्तेचे कागद बालकल्याण समितीकडे सुरक्षित ठेवायला देता येतात, आणि मुलाला घराबाहेर काढलं किंवा काढण्याचा डाव असला तर तिथं तक्रारही करता येते. कलम ३३ नुसार आई-वडील किंवा कायदेशीर पालक मृत्युपत्र करून एखाद्या प्रौढ नातेवाइकाला किंवा स्नेह्याला आपल्यामागे मुलाचा पालक नेमू शकतात. आपण अंथरुणाला खिळलो तरी ती नेमणूक लागू होते.

इथं एक खाच आहे. ही नेमणूक आई-वडील किंवा कायदेशीर पालकच करू शकतात, आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आजी नैसर्गिक पालक नाही. वडील आणि त्यांच्यामागे आई, एवढेच. आजीला न्यायालयातून पालकत्व घ्यावं लागतं. म्हणून हा कागद आई जिवंत आणि धडधाकट असतानाच व्हायला हवा. पण एआरटी सेंटरवर धडधाकट बाईशी मृत्युपत्राची गोष्ट कोण काढणार? अभद्र वाटतं. ते अभद्र वाटणं पोराला पुढे महाग पडतं.

कलम ३२ तर वाचून थांबायला होतं. बारा वर्षं पूर्ण झालेलं, पुरेशी समज असलेलं, घर चालवणारं मूल आपल्या अठरा वर्षांखालच्या भावंडाचं पालक म्हणून काम करायला पात्र आहे : शाळाप्रवेश, उपचार, बँक खातं, मालमत्ता, सगळ्यासाठी. कोणी म्हणेल, हा कायद्याचा वास्तववाद. मी म्हणेन, ही कबुली आहे. या घरांत मुलंच मुलांना सांभाळताहेत हे संसदेनं मान्य केलं, अधिकार दिला आणि तिथंच हात आखडला. सहावी-सातवीतल्या पोरीला सही करायचा हक्क मिळाला. त्या सहीसाठी तिची शाळा बुडते, त्याची भरपाई कोणत्याही कलमात नाही. तरीही मला हे कलम राहायला हवं आहे. अधिकार नसलेल्या पोरक्या बहिणीपेक्षा अधिकार असलेली बरी.

६. आक्षेप

*'संस्थांत मुलं जास्त सुखात असतात, घरी उपाशी.'* हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि त्याला पुरावाही आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच देशांतली अनाथ आणि सोडून दिलेली मुलं तपासली गेली. भारतातून हैदराबाद आणि नागालँड होतं. संस्थांतल्या मुलांची प्रकृती, मन, बुद्धी ही घरात वाढणाऱ्या मुलांपेक्षा कमी आढळली नाही. संस्था म्हणजे नरक, असं म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पण यातून निघतं काय? गरीब घर आणि बरी संस्था यांची तुलना केली तर दोन्हीकडे सारखंच निघालं. आता दुसरा प्रयोग बघा. रुमानियात बुखारेस्टला २००१ च्या सुमाराला १३६ लहानग्यांवरून सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांतली काही मुलं चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत दिली गेली. ती मुलं, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेली, बुद्धीच्या आणि जिव्हाळ्याच्या कसोट्यांवर पुढे गेली. फरक काय होता? त्या पालक-कुटुंबांना मानधन होतं आणि पाठीशी समाजसेविका होत्या. सांभाळणाऱ्याला पैसा आणि सोबत दिली की घर संस्थेला मागे टाकतं. ज्यांना खरोखर कोणी नाही त्यांच्यासाठी बालगृहं हवीतच. पण तिथून अठराव्या वर्षी बाहेर पडल्यावर, अनुरक्षणाचा काळ धरून एकवीस-तेविसाव्या वर्षानंतर, त्या मुलांनाही घरच लागतं.

*'पैसे दिले तर उडवतील.'* मलावीत झोम्बा जिल्ह्यात शाळकरी मुलींच्या घरांना आणि मुलींना दरमहा थोडी रक्कम दिली गेली. काहींना शाळेत जाण्याच्या अटीवर, काहींना अटीविना. दीड वर्षानंतर, सुरुवातीला शाळेत असलेल्या मुलींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण मदत मिळालेल्यांत १.२ टक्के होतं, न मिळालेल्यांत ३ टक्के. उडवले असतील कोणी चार पैसे. विषाणू तरी अडला.

*'मग एचआयव्हीवाल्यांनाच का? कॅन्सरवाले, अपघातवाले नाहीत का?'* आहेत, आणि हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. एचआयव्हीसाठी वेगळी खिडकी काढली की त्या खिडकीपुढे उभं राहणं म्हणजेच गावाला सांगणं. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्ही असलेली मुलं शाळेत येतात म्हणून इतर पालकांनी आपली मुलं काढून घेतली होती. असं एकदा झालं की पुढच्या दहा आया अर्जच करत नाहीत. म्हणून दार सर्वांचं असावं : विधवेचं, एकट्या आजीचं, भूमिहीनाचं. आजाराचं नाव दवाखान्यात राहावं, तहसीलच्या टेबलावर येऊ नये.

*'काही आया सांभाळायच्या लायकीच्याच नसतात.'* हे वाक्य सहसा देहविक्रय करणाऱ्या बायकांबद्दल उच्चारलं जातं. सांगलीत 'संग्राम' ही संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांनी नव्वदच्या दशकापासून दाखवून दिलं आहे की त्या बायका एड्सविरुद्ध काम करतात आणि मुलंही वाढवतात. केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून मूल तोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये बजावलं. तरी १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ जागेवर आहे : तिच्या कमाईवर जगणारा प्रौढ माणूस गुन्हेगार. म्हणजे तिची पोरं सांभाळणारी तिची म्हातारी आईसुद्धा कागदोपत्री गुन्हेगार ठरू शकते.

*'आता गोळ्या मिळतात, प्रश्न संपला.'* देशात २५ लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगताहेत, राज्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रात. त्यांच्या घरातली मुलं मोजायची पद्धत आपल्याकडे नाही, त्यांना सांभाळणाऱ्या बायकांची तर नाहीच. न मोजलेला प्रश्न संपला हे ठरवायचं कशावरून?

७. मग करायचं काय

फार मोठं काही नाही. मुलाचं वजन होतं त्याच टेबलावर सोबत आलेल्या बाईचाही रक्तदाब, साखर आणि डोळे तपासावेत. तिच्यामागे कोण, हे दुसरं नाव ती धड असतानाच लिहून घ्यावं. कलम १६ आणि ३३ चे अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलानं महिन्यातून एकदा दवाखान्यातच बसून भरून द्यावेत. २१,००० ची मर्यादा रद्द करावी किंवा मजुरीच्या दराला बांधावी. बालसंगोपनाच्या रकमेत सांभाळणारीचा वाटा वेगळा धरावा, तिच्या खात्यावर, तिच्या नावानं. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

आणि १ डिसेंबरला दप्तरं घेऊन जाणार असाल तर जरूर जा. फक्त बालगृहाऐवजी एखाद्या वर्षी एआरटी सेंटरच्या बाकापाशी जा, आणि गाडीत महसूल खात्यातला एखादा निवृत्त, माहीतगार माणूस घ्या. आजीला एवढंच विचारा : पोरांची वारस नोंद झाली का? नसेल, तर त्या दिवशीचं काम तेच.